वामनभाऊंची ओवाळणी

वामन निंभोरकरला आमदारकीचं तिकीट मिळालं, त्या दिवशी भोपाळच्या आमच्या इंद्रपुरी वस्तीत पहिले पेढे मी वाटले. किलोभर आणले आणि घरोघरी "आपला माणूस, आपला माणूस" म्हणत फिरलो. घरी आल्यावर उरलेला एक पेढा तोंडात टाकला, तर तो घशाखाली उतरेना. नीला, म्हणजे माझी बायको, पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली, "फारच गोड लागला वाटतं." तिला सगळं कळत होतं. माझं प्रत्येक भाषण, प्रत्येक अर्ज, प्रत्येक लेख आधी ती वाचते आणि ऱ्हस्वदीर्घ सुधारून देते. अशा बाईपासून माणूस लपवणार तरी काय?

तिकिटासाठी आमच्या भागातून दोन नावं वर गेली होती. एक वामनचं, दुसरं माझं. आमचा पक्ष परंपरा मानणाऱ्यांचा. घर, देऊळ, वडीलधारे, शिस्त, जुनं ते जपून ठेवावं, असं म्हणणाऱ्यांचा. या सगळ्यावर मराठी मंडळात आणि पक्षाच्या सभांत तास-तासभर बोलायचो मी. माझी हिंदी शुद्ध, मधूनमधून संस्कृत वचनं पेरलेली. मी पुण्याचा, इंजिनियर. वामन नागपूरकडचा, फिटर. दोघेही निवृत्त होईपर्यंत एकाच अवजड यंत्रांच्या कारखान्यात, एकाच शेडमध्ये. त्याची हिंदी म्हणजे मराठीला दिलेला हिंदी बुशकोट. भाषण करायचं म्हटलं की आधी चपला काढून मंचाच्या पायरीशी ठेवणार, डोक्यावर रुमाल टाकणार आणि चार वाक्यं बोलून खाली येणार. पाचवं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

कुणाला तिकीट द्यायचं ते ठरवायला वरून एक गृहस्थ आले होते. एक दिवस ते माझ्याबरोबर फिरले, एक दिवस वामनबरोबर. माझ्याबरोबर गेले तेव्हा लोकांनी "नमस्ते केळकर साहब, बैठिए" म्हणत खुर्च्या पुढे केल्या, चहा दिला. वामनबरोबर गेले तेव्हा एका घरातून बाई म्हणाली, "भैया, अच्छा हुआ आ गए, टंकी नहीं लग रही." वामन सरळ स्वयंपाकघरात गेला, गॅसच्या टंकीचा, म्हणजे सिलिंडरचा, वायसर बदलला, हात धुतले आणि बाहेर आला. स्कूटरच्या डिकीत त्याचे पाने आणि वायसर कायम असत. ते गृहस्थ दारातच उभे राहून पाहत होते. माझ्या घरी जेवताना त्यांनी मला हे कौतुकाने सांगितलं, आणि मी त्यांच्या पानात पुन्हा पोळी वाढली. निकाल मला तिथेच कळला.

तरी त्याचा राग करावा असं त्याने कधी काही केलं नाही, हाच माझा खरा त्रास होता. तिकीट मिळालं त्याच संध्याकाळी तो आला. मी बसेपर्यंत उभा राहिला. ती त्याची सवयच होती, वडीलधारा बसल्याशिवाय बसायचं नाही, आणि मी त्याच्याहून अवघा दीड वर्षाने मोठा. म्हणाला, "साहेब, माझे निवडणुकीचे प्रतिनिधी तुमी व्हा. कागद मले समजत नाही. तुमी नाही म्हटलं तर मी उभाच नाही राहात." आता याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. उमेदवाराच्या वतीने सगळे सरकारी कागद सही करून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

वामनचं एक वाक्य होतं. "जमते तेवढंच बोलावं, बावा." ते त्याने कारखान्यातही पाळलं. एकदा यंत्राच्या एका मोठ्या दांड्याला त्याच्या हातून चरा पडला. रात्रपाळीवर ढकलून मोकळं होता आलं असतं, सगळे ढकलत. हा सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभा. "साहेब, माझ्या हातून गेलं." मला अहवाल लिहावाच लागला, त्याची वेतनवाढ अडकली. आणि झालं काय, तर दुसऱ्या दिवसापासून शेडमधली माणसं त्याला उठून जागा द्यायला लागली. मला कुणी उठून जागा दिली नाही. माझी खुर्ची सरकारनेच दिली होती.

प्रचारातही तेच. अयोध्या नगरात एका गल्लीत तुंबलेली नाली होती. बाया भोवती जमल्या. एकीने विचारलं, "भैया, जीत गए तो नाली बनवाओगे ना?" आमचे कार्यकर्ते माना डोलवायला लागले होते. वामन म्हणाला, "नाली का काम नगर निगम का है, बहनजी. बनेगीच ऐसा मैं नहीं बोल सकता. पर हर सोमवार सुबह आके खडा रहूंगा, जब तक साफ नहीं होती. जीतूं चाहे हारूं." मी कपाळाला हात लावला. असं बोलून कुणी निवडून येतं का? पण गल्लीतल्या म्हाताऱ्या आत गेल्या आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

तो संत होता असं मात्र समजू नका. फार कर्मठ, आणि ते नेहमी गोड नसे. एकादशीला भर प्रचारात पाण्यावर राहिला आणि मंचावर चक्कर येऊन बसला. पक्षाच्या मुली संध्याकाळनंतर पत्रकं वाटत फिरलेल्या त्याला चालत नसत. स्वतःच्या मुलीला पुण्याची चांगली नोकरी लागली होती, ती त्याने घेऊ दिली नाही. लग्नाआधी मुलीने परगावी एकटं राहायचं नाही, बस. पोरगी महिनाभर रडली. नीला त्याच्या घरी जाऊन त्याला वाट्टेल ते बोलून आली, आणि त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, पण ऐकलं काही नाही. मी परंपरेवर भाषणं करत असे, आणि माझी भाची मुंबईत एकटी राहते याचा मला काही त्रास नव्हता. वामनने भाषणं केली नाहीत. त्याने पोरीची नोकरी घालवली. यातलं वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नोकरीच्या त्या वर्षी, निवडणुकीच्या बरंच आधी, भाऊबीज आली तेव्हाही नीला त्याच्यावर चिडलेलीच होती. तरी पाट मांडला, रांगोळी काढली, आणि तोंड फुगवून त्याला ओवाळलं. त्यानेही तोंड फुगवूनच ओवाळून घेतलं.

ही भाऊबीज कशी सुरू झाली ते सांगितलं पाहिजे. नीला लग्न होऊन भोपाळला आली ते पहिलं वर्ष. तिला भाऊ नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते, तशी ती तबक घेऊन क्वार्टरच्या गच्चीवर गेली. मी शेजारी उभा. बिजेची कोर केवढीशी, आणि ती लगेच मावळते. आम्ही वर पोचेपर्यंत ती कारखान्याच्या शेडमागे गेली होती. नीलाचा चेहरा उतरला. शेजारच्या गच्चीवर वामन वाळलेले कपडे काढत होता. नवीनच ओळख होती. त्यालाही बहीण नव्हती, लहानपणीच गेली होती. मधला कठडा ओलांडून तो आला, खिशातला रुमाल डोक्यावर टाकला आणि म्हणाला, "तो तर मावळला, ताई. मी बसू का?"

नीला हसली. तशी ती लग्नानंतर पहिल्यांदाच हसली. मी महिनोन्‌महिने प्रयत्न करत होतो, हिल स्टेशनला नेऊन आणलं होतं. पाडव्याला ती मला ओवाळते तेव्हा तिचं अर्धं लक्ष गॅसवरच्या कढईत असतं. वामनला ओवाळताना कधीच नाही. तेव्हापासून दर भाऊबिजेला तो आला, तबकात साडी ठेवली, आणि रंग दर वर्षी चुकला. पोपटी, राणी, एकदा तर भगवी. नीला त्या सगळ्या नेसायची. मी निवडून आणलेल्या साड्या कपाटात.

निवडणुकीच्या वर्षी भाऊबीज मतदानाच्या तोंडावरच आली. दारोदार बाया तबकं घेऊन उभ्या, उमेदवाराला ओवाळायला. मी आधीच बजावलं होतं : आचारसंहिता आहे, तबकात रुपयासुद्धा पडला तर मतदाराला लाच धरतील. वामन दोन दिवस अस्वस्थ. ओवाळून घ्यायचं आणि तबक रिकामं परत पाठवायचं, हे त्याला मेलं तरी जमणार नव्हतं. शेवटी त्याने तोड काढली. पिशवीभर सुपाऱ्या घेतल्या आणि प्रत्येक तबकात एकेक सुपारी ठेवत निघाला. विरोधी उमेदवाराची पोरं मोबाइल धरून मागे होतीच. सुपारीत त्यांना काही सापडेना. लोकांनाही गंमत वाटली.

त्या दिवसाचा मार्ग मी आखला होता. वामन म्हणाला होता, ताईकडे मी संध्याकाळी एकटा येतो, तिथं मिरवणूक नको. मी ऐकलं नाही. निवडणुकीत वेळ कुठला, म्हणालो, आणि आमची गल्ली दुपारच्या मार्गात घातली. खरं कारण वेळेचं नव्हतं. ढोल, झेंडे, शंभर माणसं माझ्या दारात थांबावीत, आणि उमेदवार माझ्या उंबऱ्यावर वाकलेला सगळ्यांना दिसावा, असं मला वाटत होतं. तिकीट मिळालं नाही. निदान तेवढं तरी.

तो पाटावर बसला, रुमाल डोक्यावर घेतला. दार उघडं, बाहेर गर्दी. नीलाने ओवाळलं. वामनचा हात सुपारीच्या पिशवीत गेला आणि तिथंच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग उठला, गर्दीतून वाट काढत स्कूटरपाशी गेला, डिकीतून पुडकं काढलं आणि परत येऊन तबकात ठेवलं. कागद फाटून साडीचा काठ बाहेर आला होता. पोपटी. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताईच्या तबकात सुपारी नाही जमत, साहेब."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तो स्कूटरकडे निघाला तेव्हाच मला कळलं होतं तो काय आणणार. वर धरलेले मोबाइलही मला दिसत होते. "वामनराव, आत्ता नको," एवढे तीन शब्द पुरले असते. ते माझ्या जिभेवर आले होते. मी बोललो नाही.

संध्याकाळपर्यंत मोबाइलवरची ती चित्रफीत सगळ्या शहरात फिरली. उमेदवार साड्या वाटतोय. निवडणूक अधिकाऱ्याची नोटीस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत खुलासा द्या.

नीलाने नोटीस वाचली, आत गेली आणि फोटोंचे अल्बम घेऊन आली. दर वर्षीचा एक फोटो. तोच पाट, तोच रुमाल, तबकात साडी, दोघांचे केस वर्षागणिक पांढरे होत गेलेले. तिने ते सगळे फोटो काढून माझ्यापुढे ठेवले. "खुलाशाला जोडा. माझं नाव घाला, सही लागली तर मी कचेरीत येते. वामनदादांना सांगा, माझी काही हरकत नाही."

मी खुलासा लिहिला. चांगला लिहिला. मानलेली बहीण, घरगुती रीत, इतक्या वर्षांचा पुरावा सोबत. ज्याला हे वाचून शंका उरेल असा अधिकारी मला भेटलेला नाही. नीलाने वाचला, एका वेलांटीखेरीज तिला काही सुधारावं लागलं नाही. फोटो पाकिटात घालून मी वामनकडे गेलो.

त्याने पाकीट उघडलं. पहिलाच फोटो पाहिला आणि पाकीट बंद केलं. "हे नाही द्यायचं, साहेब. ताईचा फोटो कचेरीत गेला की उद्या त्या पोराइच्या मोबाइलवर जाईन. मानलेली बहीण म्हणतीन, आणि हसतीन. लोक काय काय बोलतीन, तुमाले मालूम हाय. माझ्यामुळे ताईचं नाव चारचौघात नाही यायचं. माझी चूक झाली असं लिहा. माफी मागून टाकू."

इथे मला बोलायचं होतं. तुमची ताई स्वतः म्हणते आहे, फोटो द्या. तिला कुणाच्या हसण्याचं भय नाही. तिनेच ते अल्बममधून काढले आहेत. निरोप माझ्याकडे होता, आणि तो पोचवण्यासाठीच मी गेलो होतो. तो ऐकल्यावर वामन कदाचित कबूल झाला असता, कारण ताईचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता, पोरीच्या नोकरीचा एक सोडून.

मी म्हटलं, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

वर्षानुवर्षांच्या ओळखीत त्याचं एकही म्हणणं मी वाद घातल्याशिवाय मान्य केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. तिथेच बसून चार ओळींचा माफीनामा लिहिला, सही केली आणि कचेरीत देऊन आलो. अधिकाऱ्याने ताकीद दिली. गावाने 'साडीवाले भैया' असं नाव दिलं. घरी नीलाने विचारलं, तुम्ही माझा निरोप सांगितलात ना? मी म्हटलं, सांगितला, पण त्यांनी ऐकलं नाही. ती म्हणाली, हट्टी आहेत पहिल्यापासून. आणि तिने फोटो पुन्हा अल्बममध्ये एकेक करून लावले.

वामन थोडक्यात पडला. मतमोजणीच्या केंद्रावर मी त्याच्या शेजारी होतो. तोंड लांब केलं होतं, पण आतून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? छातीवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं हलकं वाटलं, आणि घरी येऊन मी पोटभर जेवलो.

तो मात्र दुसऱ्या दिवशी बादली आणि खराटा घेऊन निघाला आणि भिंतींवरची आपलीच पोस्टर्स खरवडत बसला. लोकांच्या भिंती खराब होतात, म्हणाला. आणि त्यानंतरच्या सोमवारी अयोध्या नगरातल्या त्या नालीपाशी जाऊन उभा राहिला. मग पुढच्या सोमवारी. निवडून आलेल्याला अखेर लाज वाटली असावी. उन्हाळ्याआधी नाली साफ झाली. माझं नाव पुढच्या वेळी द्यावं म्हणून वामनने पक्षाकडे पत्र लिहिल्याचंही मला दुसऱ्यांकडूनच कळलं. ते पत्र मी पाहिलं. शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की मला हसू आलं आणि मग बराच वेळ ते पत्र खाली ठेवता येईना.

पुढच्या वर्षी भाऊबीज आली. वामन भोपाळ सोडून मुलाकडे नागपूरला जाणार होता. गुडघे गेले होते, जिने चढवेनात. तरी आला. पाटावर बसता येईना म्हणून नीलाने खुर्ची दिली आणि पाट पाय ठेवायला खाली सरकवला. रुमाल डोक्यावर. ती ओवाळत होती आणि बोलत होती. जाऊ नका म्हणत होती, आणि मग एकदम निवडणुकीवर आली.

"तेव्हा ऐकलं असतंत माझं तर आज आमदार असतात. मी ह्यांच्याबरोबर फोटो पाठवले होते, नाव घाला म्हणून निरोप दिला होता. तुम्हीच नाही म्हणालात."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. वामनने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. निरांजन एकदा फिरून येईल एवढाच वेळ. त्याला सगळं कळलं. मला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. ज्या माणसाने वेतनवाढ घालवली पण चरा दुसऱ्यावर ढकलला नाही, ज्याने मतासाठीसुद्धा नाली बांधून देतो म्हटलं नाही, तो आता काय बोलणार हे मला ठाऊक होतं.

"हाव, ताई," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं होतं मले. मीच नाही ऐकलं."

आणि तबकात साडी ठेवली. जांभळी.

मी त्याला स्कूटरपर्यंत सोडायला गेलो. काहीतरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं, "वामनराव, तो निरोप मी—" दुखऱ्या गुडघ्यानेच त्याने किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. त्या आवाजात तो म्हणाला, "राहू द्या, साहेब. तुमी घरी असता, मी नागपूरला चाललो. तुमच्याशिवाय ताईले कोण हाय इथं?"

डोक्यावरचा रुमाल काढायचा राहिला होता. तो तसाच वळणापर्यंत गेला, एक हात वर केला, आणि दिसेनासा झाला. त्याला मी पाहिलं ते शेवटचं. नागपूरहून फोन आला तो होळीच्या आधी, त्याच्या मुलीचा.

नीला त्या भाऊबिजेला तबक हातात धरून दारात उभी राहिली होती, तो वळणावर दिसेनासा झाल्यावरसुद्धा. मी कारखान्यात जायला निघे तेव्हा ती कधी इतका वेळ उभी राहिल्याचं मला आठवत नाही. मला हेवा वाटला. त्याच्या तिकिटाचा वाटला होता, खुर्ची सोडून उठणाऱ्या माणसांचा वाटला होता; पण त्याने आयुष्यात बोललेल्या त्या एका खोट्याचा वाटला तसा कशाचाच नाही.

यंदा भाऊबिजेला तिने तबक घेतलं आणि गच्चीवर गेली. जांभळी साडी नेसली होती. मी मागोमाग गेलो. कोर होती अजून, बारीकशी. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, वामनदादांवर काहीतरी लिहा, तुम्ही त्यांना इतकं जवळून पाहिलंत. म्हणून हे लिहिलं. उद्या सकाळी ऱ्हस्वदीर्घ तपासायला तिच्याकडे देणार आहे.